रकान्यांतील संगीत

संगणकाने संगीतरचनेचे दार सामान्य माणसास खुले केले, हे वाक्य आता इतके रूढ झाले आहे की ते दार नेमके कोणते, असे कोणी विचारीत नाही. आम्ही ते विचारू इच्छितो. हे वाक्य उच्चारणारे विद्वान १९८०च्या दशकातील घरगुती संगणकांकडे बोट दाखवितात खरे. पण त्यांवरील ज्या सॉफ्टवेअरची ते वाखाणणी करतात ते एक, आणि ज्यातून रचनाकार निपजले ते दुसरेच.

त्यांच्या वाखाणणीचा विषय म्हणजे ‘म्युझिक कन्स्ट्रक्शन सेट’. विल हार्वे नामक शाळकरी वयाच्या एका अमेरिकन मुलाने ॲपल-२ या संगणकासाठी ही आज्ञावली लिहिली. पडद्यावर पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघा. जॉयस्टिकने स्वरचिन्ह उचलावे, रेघेवर नेऊन ठेवावे, की संगणक ते वाजवून दाखवी. त्या मुलाच्या बुद्धीपुढे आम्हीही मान लववितो. परंतु यात नवे ते काय झाले? कागदावरची लिपी काचेवर आली, इतकेच. ध्वनीचा पोत कसा असावा, तो कसा उमटावा आणि कसा विरावा, याविषयी त्या पाच रेघा जवळजवळ मुक्या. आणि यंत्राशी खरी झटापट तर तेथेच होती.

ती झटापट कमोडोर ६४ वर पाहावी. १९८२ साली निघालेल्या या संगणकात रॉबर्ट यानेस यांनी योजिलेली ‘सिड’ नावाची ध्वनिचिप होती. एका वेळी आवाज तीनच. मात्र प्रत्येकाचा तरंगाकार, चढ आणि उतार रचनाकाराच्या हाती. तिन्ही आवाज एका स्वरसंघातच खर्ची घातले, तर चाल कोणी वाजवायची आणि ताल कोणी धरायचा? यावर रॉब हबर्ड यांच्यासारख्या, आपली रचना थेट यंत्राच्या आज्ञांत मांडणाऱ्या मंडळींनी तोड काढली, ती अशी की, स्वरसंघातील स्वर एकाच आवाजात एकामागून एक, सेकंदास पन्नास वेळांपर्यंत बदलीत, धाववावयाचे. कानास तो स्वरसंघच भासे, पण थरथरता. दारिद्र्यातून निघालेला हा अलंकार पुढे त्या संगीताची ओळखच होऊन बसला. पाच रेघांवर तो कोणी लिहू जाईल, तर कागद काळा होईल.

१९८७ साली कार्स्टेन ओबार्स्की या जर्मन रचनाकाराने अमिगा संगणकासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ तयार केला, आणि आमच्या मते खरे दार उघडले ते येथे. अमिगास ध्वनीचे मार्ग चार, म्हणून पडद्यावर रकाने चार. काळ वरून खाली वाहतो. चौसष्ट ओळींचे एक पान. प्रत्येक खणात स्वराचे नाव, वाद्याचा क्रमांक, आणि त्या स्वरास काय करावयाचे त्याची आकड्यांतील आज्ञा. हे पाहून स्वरलिपीचे अभिमानी नाक मुरडतात आणि म्हणतात, हे संगीत की वाण्याची खतावणी? आम्ही म्हणतो, खतावणीच. पण हिशेब चोख आहे. भातखंडे यांनी मात्रामात्रांचे विभाग पाडून चिजा छापल्या, तेव्हा राग कागदात मावेल काय, अशी शंका आमच्याकडेही घेतली गेलीच होती. ट्रॅकरच्या बाबतीत तर ती शंकाही लटकी पडते. कारण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणे, स्वर आंदोलित करणे, यांसाठी पुढच्या ट्रॅकरांत स्वतंत्र आज्ञाच होत्या.

याहून मोठी गोष्ट निराळीच. छापील स्वरलिपीत वाद्याचा नाद नसतो; ध्वनिमुद्रणात रचना झाकलेली असते. ट्रॅकरच्या ‘मॉड्यूल’ नामक फायलीत रचना आणि नादाचे नमुने एकत्र नांदत. ज्याच्या हाती ते पडे, तो प्रत्येक खण वाचू शके, आकडा बदलून ऐकू शके. गुरूच्या घरी पाणी भरल्यावाचून विद्या मिळण्याचा हा प्रकार. खुद्द ओबार्स्की यांच्या आज्ञावलीचेही इतरांनी अंग अंग सोडवून नॉइजट्रॅकर, प्रोट्रॅकर असे वंशज निर्माण केले. पंधरा वाद्यांची एकतीस झाली. मूळ कर्त्याच्या पदरात यातून काय पडले, हा प्रश्न त्या उत्सवात कोणी फारसा विचारला नाही, आणि तो आम्हांस खुपतो. दुसऱ्याच्या मॉड्यूलमधून नाद उचलण्याची चालही काही भूषणावह नव्हे. चौसष्टांच्या चौकटीने कित्येकांची रचना चौकोनीच राहिली, हेही आम्ही कबूल करतो. कंटाळवाणी मॉड्यूले आम्हीही पुष्कळ ऐकली आहेत. परंतु कंटाळवाणी का, हे तेथे ओळीवर बोट ठेवून सांगता येते. पाच रेघांच्या अभिमान्यांनी आपल्या आवडत्या आज्ञावलीविषयी इतके सांगून दाखवावे.

ही मॉड्यूले आजच्या संगणकांवरही उघडतात. ज्यांस आमचे म्हणणे अतिशयोक्त वाटत असेल, त्यांनी एखादे उघडावे, चारांपैकी तीन रकाने बंद करावे, आणि उरलेला एकटा काय करीत होता ते ऐकावे.