विजेत्याने वरच्या वजनगटात जावे काय?

बॉक्सिंगमधला एखादा खेळाडू आपल्या वजनगटात वारंवार जिंकू लागला, की त्याने आता वरच्या गटात जावे काय, ही चर्चा क्रीडापानांवर सुरू होते. तिथले प्रतिस्पर्धी उंच असतील, त्यांचा हात लांब पोचेल, ठोसा जड असेल, असे काही जण बजावतात. नवे विजेतेपद मिळेल, असे दुसरे म्हणतात. खेळाडूचे शरीर काय म्हणते, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आरोग्याच्या सदरात हा विषय घेतला तो त्यासाठीच.

मेरी कोमचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. 2002 मध्ये तिने 45 किलो गटात जागतिक विजेतेपद मिळवले, पुढे 46 आणि 48 किलो गटांतही मिळवले. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचे बॉक्सिंग प्रथमच आले, तेव्हा गट होते फक्त तीन: 51, 60 आणि 75 किलो. तिला वर जाण्याखेरीज मार्गच नव्हता. 51 किलोत तिने कांस्यपदक जिंकले, उपान्त्य फेरीत मात्र तिच्याहून उंच असलेल्या निकोला ॲडम्सने तिला हरवले. 2014 च्या आशियाई स्पर्धेत 51 किलोतच तिला सुवर्ण मिळाले. पण सहावे जागतिक विजेतेपद आले ते 2018 मध्ये, पुन्हा 48 किलोत. माझ्या मते तिची हाडापेराची ठेवणच लहान गटाची. वरच्या गटात ती लढली, जिंकलीही. तिथे तिचे राज्य मात्र झाले नाही.

तरीही लहान गट तिला फुकट मिळत नव्हता. त्याच 2018 साली पोलंडमधील एका स्पर्धेत वजनाच्या आधी तिचे सुमारे दोन किलो जास्त भरले आणि हाताशी होते जेमतेम चार तास. दोरीवरच्या उड्या मारून तिने ते उतरवले व सुवर्णही जिंकले. वर्तमानपत्रांनी तिच्या जिद्दीचे कौतुक केले. जिद्द होतीच. पण डॉक्टर म्हणून माझ्या मनात आले की, दोन किलो चरबी चार तासांत जात नाही. गेले ते पाणी.

एक लिटर घाम म्हणजे एक किलो. पन्नास किलोच्या खेळाडूच्या अंगातून एवढे पाणी गेले, म्हणजे वजनाच्या दोन टक्के गेले, की दम कमी पडू लागतो. रक्तातील पाणी घटते, नाडी जलद चालते, अंगातील उष्णता बाहेर पडत नाही, मूत्रपिंडांवर ताण येतो. त्याबरोबर उपासही घडला तर स्नायूंतील साखरेचा साठा रिकामा होतो, आणि तो दोन पेले सरबताने भरून येत नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी होते, त्यामुळे थोडी उसंत मिळते. हौशी स्पर्धांत लढतीच्या दिवशी सकाळीच काटा असतो. शिवाय हा खेळ डोक्यावर मार झेलण्याचा. कोरड्या पडलेल्या शरीरात मेंदूला इजा अधिक होत असावी, अशी शंका तज्ज्ञ बोलून दाखवतात. ती शंका मला पुरेशी वाटते.

ही भीती कागदावरची नव्हे. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतील तीन तरुण वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तिथे रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांना बंदी झाली. विनेश फोगाटची हकिकत तर ताजी आहे. 53 किलोची जागा दुसऱ्या कुस्तीगीर मुलीने मिळवल्यामुळे ती 50 किलोत उतरली. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला अंतिम फेरीच्या सकाळी रात्रभर घाम गाळून, केस कापूनही काटा शंभर ग्रॅम जास्त दाखवीत राहिला. देशभर चर्चा झाली ती शंभर ग्रॅमची. ती मुळात तीन किलो खाली का उतरली, याची झाली नाही.

याचा अर्थ वर जाणे नेहमीच हिताचे, असा नाही. अमेरिकेचा रॉय जोन्स मार्च 2003 मध्ये वजन वाढवून थेट हेवीवेट गटात गेला आणि विजेता झाला. लगेच नोव्हेंबरमध्ये 175 पौंडांच्या जुन्या गटात परतला, तेव्हा कसाबसा जिंकला. मे 2004 मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याने त्याला दुसऱ्याच फेरीत आडवे केले. वयाचाही भाग असेल, पण काही महिन्यांत इतके चढणे-उतरणे शरीर विसरत नाही, असे मला वाटते. उलट आपली जास्मिन लंबोरिया 60 वरून 57 किलोत आली. 2024 च्या ऑलिंपिकमध्ये पहिलीच लढत हरली, पण 2025 मध्ये लिव्हरपूलला जागतिक विजेती झाली. खाली येणेही साधते, शरीराला सवड दिली तर.

माझी कसोटी साधी आहे. सरावाच्या दिवसांत महिनाभर रोज सकाळी शौचानंतर, उपाशीपोटी वजन घ्यावे व त्याची सरासरी काढावी. ती गटाच्या मर्यादेहून दोन टक्क्यांपेक्षा जास्त येत असेल, 51 किलोच्या मुलीला हे साधारण एक किलो, तर तो गट तिचा राहिला नाही. मग ती विजेती असो वा नसो, तिने वर जावे. मुलीची पाळी तीन महिने आली नसेल, तर काट्याकडे न बघताच डॉक्टरांकडे जावे. हाडे ठिसूळ होण्याची सुरुवात तिथूनच होते. आणि वर जायचे तर भाताचा ढीग वाढून नव्हे. डाळी, अंडी, दूध, शेंगदाणे आणि सहा-आठ महिन्यांचा ताकदीचा व्यायाम लागतो.

आपल्याकडे तालीम आणि शाळांच्या स्पर्धांच्या दिवसांत ओठ फुटलेली, गडद पिवळी लघवी होणारी पोरे माझ्याकडे येतात. चौदा-पंधराव्या वर्षी अंग वाढणारच. अशा मुलाचे वजन यंदा दोन किलोंनी वाढले असेल, तर वस्तादांनी आणि पालकांनी त्याचे पाणी तोडू नये, त्याच्या अर्जावर वरचा गट लिहावा.