ज्याची त्याची टीप?

गेल्या दिवाळीत वसईच्या आमच्या ओटीवर दोन माजी विद्यार्थी फराळाला बसले होते. दोघेही विरार लोकलचे धक्के खात रोज अंधेरीला प्रोग्राम लिहायला जातात. चकली अर्धी हातात, आणि वाद कशावरून? प्रोग्राममध्ये माणसांसाठी टिपा लिहितात. ही मुले त्यांना कमेंट म्हणतात, आणि यंत्र त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्या टिपा दोन तिरप्या रेघांनी सुरू कराव्यात, की तिरपी रेघ आणि तारका घालून? मला हसू आले. शेवटी धाकटा म्हणाला, "जाऊ द्या हो सर, ज्याची त्याची शैली."

इथे मात्र माझे हसू मावळले.

वाचकहो, शैली हा आमच्या धंद्यातला शब्द. माझ्या कादंबरीत क्रियापद आधी घालीन, नाही तर गाळीन. तिथला धनी मी एकटा. परंतु चौघांनी मिळून बांधलेल्या विहिरीवर प्रत्येकाने आपला वेगळा रहाट बसवावा, याला शैली म्हणत नाहीत.

आमच्या शाळेच्या निकालाचा प्रोग्राम तिघा माजी विद्यार्थ्यांनी फुकट करून दिला. उपकारच. पण एकाच्या टिपा देवनागरीत, दुसऱ्याच्या रोमन लिपीतल्या मराठीत, तिसऱ्याच्या इंग्रजीत. पुढे शिक्षकांच्या सभेने सवलतीचे गुण तीनांवरून पाच केले. दुसऱ्याने आकडा बदलला, कारणही लिहिले. पण रोमन लिपीत आणि भलत्याच कोपऱ्यात. आकड्याच्या डोक्यावरची जुनी टीप 'तीन' म्हणतच राहिली. पुढच्या वर्षी नव्या शिक्षकाने ही विसंगती पाहिली. बिचाऱ्याने 'सवलत' हा शब्द देवनागरीत शोधला. जुनी टीप तेवढी सापडली. ती प्रमाण मानून त्याने पाचाचे तीन केले. एकतीस गुणांची एक मुलगी चार गुणांसाठी नापास ठरली. चूक दोन दिवसांनी सुधारली. ते दोन दिवस ती घराबाहेर पडली नाही. कोणाची शैली आडवी आली तिला?

पायथन नावाच्या संगणकी भाषेची एक लेखनसंहिता २००१ सालापासून चालत आली आहे. प्रोग्रामशी न जुळणारी टीप ही टीप नसण्याहून वाईट, असे ती बजावते. मी म्हणतो, लिपी एक नसेल तर न जुळणारी टीप सापडणार तरी कशी?

शिस्तीने प्रतिभा मरते म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडावी. १२५९ हस्तलिखिते, अनेक संपादक, आणि खुणा मात्र ठरलेल्या! प्रत्येक लिपीच्या पोथ्यांना ठराविक अक्षर. पाठाची पुरती खात्री नसेल तिथे नागमोडी रेघ. विद्वानांनी आपली शंकासुद्धा एकाच खुणेने नोंदवावी, याहून मोठा विनय कोणता? डॉ. सुकथनकर १९४३ साली गेले. अठरा पर्वे पुरी झाली १९६६ साली, दुसऱ्यांच्या हातून. त्यांच्या खुणा त्यांनाच ठाऊक असत्या तर?

तारकेचा वाद लहान खरा. तरी लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स २०१६ साली टिपेतल्या तारकांच्या मांडणीवरूनच संतापले होते. त्यांचा संताप मला पटत नाही, आग्रह पटतो. रेघ की तारका, हे चिठ्ठी टाकून ठरवा. पण ठरवा, आणि मग मोडू नका.

खरा प्रश्न भाषेचा. तीच पायथनची संहिता परभाषिकांना सांगते, की तुमची भाषा न जाणणारा कोणी हे कधीच वाचणार नाही अशी एकशे वीस टक्के खात्री नसेल तर टिपा इंग्रजीत लिहा. जगाच्या चव्हाट्यावर ठेवायच्या कामात हे मला मान्य आहे. तिथे मराठीचा रुसवा नको. पण आमच्या शाळेचा प्रोग्राम वाचणार कोण? आमचा लिपिक आणि उद्याचा मास्तर. त्यांच्यावर मोडके इंग्रजी लादण्यात कसली आली प्रगती? आणि रोमन लिपीतले मराठी तर ना घरचे ना घाटचे. एकच शब्द तिघे तीन तऱ्हांनी लिहितात.

यंदा मे महिन्यात त्या दोघांना मी शाळेत बसवून घेतले. टीप देवनागरीत, ज्या ओळीविषयी असेल तिच्या लगेच वर. आकडा बदलला तर तारीख आणि कारण. जुनी टीप त्याच वेळी पुसायची. चिठ्ठी टाकली, धाकट्याची तारका हरली. ती दिसायला अधिक देखणी होती, असे तो अजून म्हणतो. असेलही.