टाक्याचे मोल

उशांच्या अभ्र्यांवर, पडद्यांवर, मेजपोसांवर धारवाडकडील कसुतीची नक्षी मिरविण्याची हौस आज दिसते. पूर्वी हा कशिदा इरकली लुगड्यावर, विशेषतः वधूच्या काळ्या चंद्रकळेवर शोभे. तो दिवाणखान्यात आला याचा विषाद नको. कलेला जगण्यासाठी नवा आश्रय हवाच. प्रश्न आहे तो तिच्या मोलाचा.

कसुतीत कापडावर आधी आकृती छापीत नाहीत. उभेआडवे धागे मोजूनच टाका घालावा लागतो. एक धागा चुकला की गोपुराचा, हत्तीचा, आपल्या अंगणातल्यासारख्याच तुळशीवृंदावनाचा तोल ढळतो. त्यातील गवंती टाका गाठीविना असा घालतात की दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच उमटते. यंत्र दर्शनी बाजूची नक्कल करते. मागे मात्र निराळ्याच दोऱ्याचे जाळे दिसते.

कसुतीला भौगोलिक मानांकन लाभले, हे उचितच झाले. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, टाका घालणाऱ्या स्त्रीच्या मजुरीचे नव्हे. यंत्राचा माल ‘हातकाम’ म्हणून खपला की तिचा दर पडतो. ग्राहकाच्या घासाघिशीचा भारही अखेर तिच्याच बोटांवर येतो.

कापड कोणाच्या श्रमाचे, हे विचारण्यास स्वदेशीच्या चळवळीने आपल्याला शिकविले. स्वातंत्र्य मिळाले म्हणून तो प्रश्न संपलेला नाही. अभ्रा घेताना तो उलटून पाहावा, आणि टाका सच्चा असेल तर दाम बिनतक्रार मोजावा. शोभा आपल्या घराला आणि उपासमार तिच्या घराला, हा व्यवहार सुसंस्कृत समाजास शोभणारा नाही.