हाती घेतलेले तिकीट

पर्युषणाच्या दिवसांत जैन घरांतून पूर्वी ‘ज्ञानबाजी’ नावाचा पट मांडला जात असे. चौऱ्याऐंशी घरांच्या त्या पटावर शिड्या असत आणि साप असत. सद्गुणाच्या घरात पडलेली सोंगटी वर चढे, दुर्गुणाच्या घरात पडलेली खाली घसरे आणि पटाच्या शिरोभागी मुक्तीचे स्थान असे. आज घरोघरी मुले जी सापशिडी खेळतात ती याच परंपरेतून आली आहे. त्या पटावर खेळणाऱ्याच्या हाती मात्र फारसे काही नसे. दान पडेल तशी सोंगटी चाले. पूर्वकर्माचे फळ मुकाट्याने भोगावे लागते हे मुलांना उमगावे, यासाठी ती रचना योग्यच होती. परंतु कर्माची दुसरी बाजूही आहे. मनुष्य आज जे स्वीकारतो, जे टाळतो, ज्याची जबाबदारी अंगावर घेतो, त्यातूनच उद्याचे फळ तयार होते. ही दुसरी बाजू दाखवणारा एक बैठा खेळ गेल्या दोन दशकांत जगभरच्या घरांत पोहोचला आहे, आणि त्याचा विषय आहे आगगाडीचे मार्ग बांधण्याचा.

‘तिकीट टू राइड’ हे त्या खेळाचे नाव. अ‍ॅलन मून यांनी तो रचला, २००४ साली तो प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी जर्मनीत उत्कृष्ट खेळासाठी दिला जाणारा ‘श्पील डेस यारेस’ हा मानाचा पुरस्कार त्याला मिळाला. मूळ पटावर उत्तर अमेरिकेचा नकाशा आहे. पुढे इतर देशांचे पटही निघाले. २०११ साली आलेल्या एका जोडपटाच्या एका बाजूस स्वित्झर्लंड आहे आणि दुसऱ्या बाजूस भारत. भारताचा पट इयन व्हिन्सेंट यांनी आखला आहे.

खेळाचे नियम पाच मिनिटांत समजतात. दोन ते पाच जण खेळू शकतात. प्रत्येकाला एका रंगाचे पंचेचाळीस छोटे डबे मिळतात. आपली पाळी आली की तीनपैकी एकच गोष्ट करता येते. रंगीत पत्ते उचलावेत, किंवा पुरेसे पत्ते साठले असल्यास पटावरील एखाद्या मार्गावर आपले डबे मांडून तो मार्ग आपलासा करावा, किंवा नवी तिकिटे घ्यावीत. लांब मार्गाचे मोल त्याच्या लांबीपेक्षा वेगाने वाढते. एका डब्याच्या मार्गाला १ गुण मिळतो, तीन डब्यांच्या मार्गाला ४ आणि सहा डब्यांच्या मार्गाला १५. म्हणजे तेच सहा डबे सुटे सुटे मांडले तर केवळ ६ गुण होतात. धीर धरून पत्ते साठवणाऱ्याला फळ अधिक मिळते. मात्र तेवढ्या अवधीत दुसऱ्याने तो मार्ग घेतला तर धीरही वाया जातो.

परंतु खेळाचा खरा गाभा तिकिटांत आहे. प्रत्येक तिकिटावर दोन गावांची नावे असतात आणि एक आकडा असतो. ती दोन गावे आपल्या सलग मार्गाने जोडली, तर तेवढे गुण मिळतात. न जोडल्यास तेवढेच गुण वजा होतात. मूळ पटावर लॉस एंजेलिस ते न्यू यॉर्क हे तिकीट २१ गुणांचे आहे. ते पुरे करणारा आणि अर्ध्यावर सोडणारा यांच्यात त्यामुळे ४२ गुणांचे अंतर पडते. तिकीट न घेणाऱ्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते घेऊन पुरे न करणाऱ्याचे. तिकिटे शेवटपर्यंत झाकलेली असतात. डाव संपल्यावर ती सर्वांसमक्ष उघडली जातात, आणि तोवर पुढे दिसणारा खेळाडू दोन अपुऱ्या तिकिटांपायी मागे पडलेला दिसतो.

श्रावक-श्राविकांना ही गोष्ट नवी नाही. पच्चक्खाण घेताना आपली शक्ती पाहून घ्यावे, आणि घेतलेले मोडू नये, हे घरातील वडीलधारी मंडळी लहानपणापासून सांगत आलेली असतात. तीन उपवासांचा उत्साह दाखवून दुसऱ्याच दिवशी डगमगण्यापेक्षा एक एकासणा शांतपणे पार पाडणे श्रेयस्कर मानले जाते. गृहस्थाच्या व्रतांत दिग्व्रत नावाचे एक व्रत आहे. कोणत्या दिशेस किती दूरवर आपला व्यवहार न्यायचा, याची मर्यादा त्यात स्वतःहून आखून घ्यायची असते. पटावर बसलेला मुलगा तेच करत असतो. पंचेचाळीस डब्यांत पूर्वेसही जाता येत नाही आणि पश्चिमेसही. एक दिशा सोडल्याखेरीज दुसरी पुरी होत नाही. ज्याला सर्व दिशा हव्या असतात, त्याच्या हाती शेवटी न जोडलेल्या गावांची यादी उरते.

हा खेळ वरणगावच्या घरात खेळला जातो तेव्हा त्याला आणखी एक अर्थ येतो, कारण हे गावच अशा एका तिकिटाच्या वाटेवर वसलेले आहे. मुंबई ते कलकत्ता हे ते तिकीट. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीची पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. अंतर अवघे चौतीस किलोमीटर. पुढे सह्याद्री आडवा आला. थळ घाटातून मार्ग खुला व्हायला १८६५ साल उजाडले. खानदेशात भुसावळ येथे मार्गाला दोन फाटे फुटले. एक वरणगाव, मलकापूर, अकोला असा वऱ्हाडच्या कापसाच्या मुलखातून १८६७ साली नागपूरला पोहोचला. दुसरा तापी ओलांडून बऱ्हाणपूर, खंडव्याकडे वळला आणि मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे अलाहाबादकडून आलेल्या मार्गास मिळाला. एका तिकिटाला सतरा वर्षे लागली.

मार्ग कुठून जातो यावर गावांचे नशीब कसे फिरते, हेही खानदेशाने पाहिले आहे. त्या काळी संपूर्ण खानदेश एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठिकाण होते धुळे. मुख्य लोहमार्ग मात्र चाळीसगाव, पाचोरा, जळगाव असा गेला आणि धुळे बाजूला राहिले. चाळीसगावहून धुळ्यास फाटा आला तो १९०० साली. भुसावळ हे लहानसे खेडे होते, ते देशातील मोठ्या जंक्शनांपैकी एक झाले. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व भागाचे मुख्य ठिकाण जळगाव ठरले. पटावर एखाद्या खेळाडूने आपला मार्ग दोन बोटे इकडे वळवावा आणि प्रत्यक्षात एका पेठेचा व्यापार दुसऱ्या पेठेत जावा, असा हा प्रकार होता. कापूस, धान्य व केळी यांच्या व्यवहारात असलेल्या अनेक कुटुंबांची बिऱ्हाडे याच रुळांच्या कडेने हलली.

खेळ आणि इतिहास यांत एक भेद मात्र आहे, आणि तो मुलांना अवश्य सांगावा. पटावर तिकीट घेणाराच त्याचे नुकसान सोसतो. खऱ्या कंपनीची गोष्ट वेगळी होती. तिच्या लंडनमधील भागधारकांना गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के परतावा मिळेलच, अशी हमी सरकारने दिलेली होती. उत्पन्न कमी पडले तर ती तूट हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे अखेर येथील रयतेच्या करांतून भरली जाई. काम रेंगाळो वा खर्च वाढो, भागधारकाचे गुण वजा होत नसत. घाटांतील बोगदे खणताना रोगराईने आणि अपघातांनी हजारो मजूर दगावले, त्यांची नोंद तर कोणत्याच तिकिटावर नव्हती. नियम न्याय्य असतील तरच खेळ न्याय्य होतो. जो ठरवतो त्यानेच परिणाम सोसायचा, हा या खेळाचा सर्वांत साधा नियम प्रत्यक्ष जगात अनेकदा मोडलेला दिसतो.

भारतीय रेल्वेच्या या बाजूंचा विचार करणारा आणखी एक खेळ फ्रान्सिस ट्रेशम या इंग्रज रचनाकाराने १९८९ साली काढला. त्याचे नावच ‘१८५३’ असे आहे. त्यात भारताचा नकाशा आहे, कंपन्यांचे भाग आहेत, डोंगरातून रूळ नेण्याचा जादा खर्च आहे आणि रुंद व अरुंद मापाच्या रुळांतील निवडही आहे. तो खेळ अनेक तास चालतो. व्यवहाराची गोडी लागलेल्या महाविद्यालयीन मुलांना तो मानवेल. आठ-दहा वर्षांच्या मुलांसह सारे घर एकत्र बसायचे असेल तर पहिलाच खेळ बरा.

घरात हा खेळ खेळताना एक अडचण हटकून उद्भवते. दुसऱ्याला हवा असलेला मार्ग मुद्दाम अडवावा की नाही? नियमांनी त्याला मनाई नाही. या खेळात कोणी कोणाची सोंगटी मारत नाही, कोणी कोणाला पटाबाहेर काढत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. तरी स्वतःला उपयोग नसताना केवळ दुसऱ्याचे तिकीट बुडावे म्हणून डबे मांडता येतात, आणि अशा वेळी धाकट्याचे डोळे भरून येतात. काही घरांत असा संकेत ठेवला जातो की, जो मार्ग आपल्या तिकिटाच्या कामी येतो तोच घ्यायचा. काही घरांत मोकळीक असते. दोन्हींपैकी काय ते डाव मांडण्यापूर्वी ठरवावे, डाव रंगात आल्यावर नव्हे. आजोबांनी नातवाला मुद्दाम जिंकू देऊ नये. मात्र अडलेल्या मार्गाला वळसा कसा घालायचा, हे जरूर दाखवावे. वाट अडली म्हणून गाव हरवत नाही, हे मुलाने एकदा स्वतः अनुभवले की पुढे शाळेच्या निकालातही त्याला ते आठवते.

विकतचा पट महाग आहे आणि प्रत्येक घराने तो आणलाच पाहिजे असे नाही. सुटीच्या दिवसांत खानदेशाचा पट घरीच करता येतो. मोठ्या पुठ्ठ्यावर मधोमध भुसावळ व जळगाव काढावे. पूर्वेस वरणगाव, मलकापूर, अकोला. ईशान्येस बऱ्हाणपूर, खंडवा. नैर्ऋत्येस पाचोरा, चाळीसगाव, मनमाड आणि चाळीसगावहून धुळे. पश्चिमेस अमळनेर, नंदुरबार. साधारण वीस किलोमीटरला एक, अशा हिशेबाने दोन गावांमध्ये चौकोन आखावेत. भुसावळ ते जळगाव एक, पाचोरा ते चाळीसगाव दोन, चाळीसगाव ते धुळे तीन. प्रत्येक मार्ग दुहेरी काढावा. डब्यांऐवजी रंगवलेले चिंचोके घ्यावेत, तिघांना प्रत्येकी वीस. पत्त्यांचा जोड घरात नको असेल, तर जाड कागदाचे चार रंगांचे चौकोन कापावेत. तीन घरांच्या मार्गासाठी एकाच रंगाचे तीन चौकोन खर्च करावेत.

या पटावर अमळनेर ते धुळे असा दोन घरांचा एक काल्पनिक मार्गही अवश्य काढावा. तो प्रत्यक्षात नाही. वरणगाव ते धुळे हे तिकीट ज्याच्या वाट्याला येईल त्याला खऱ्या रुळांनी, म्हणजे जळगाव, पाचोरा, चाळीसगाव असे जाताना नऊ चिंचोके लागतील. काल्पनिक मार्गाने सात पुरतील. दोन चिंचोक्यांचा हा फरक पाहिला की, धुळे बाजूला राहिले म्हणजे काय झाले, हे मुलांना कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर समजेल. आणखी एखादा मार्ग हवा असे वाटल्यास तो मुलांनीच सुचवावा आणि त्याला किती चिंचोके पडतील हे नकाशा उघडून मोजावे.

सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपणाऱ्या घरांत संध्याकाळ मोठी असते. तेवढ्या वेळात असा एक डाव आरामात होतो. शेवटी सर्वांनी आपापली तिकिटे उघडावीत, पुरी झालेली एका बाजूस आणि राहिलेली दुसऱ्या बाजूस ठेवावीत, आणि प्रत्येकाने आपले वजा गुण आपल्याच तोंडाने मोजून सांगावेत. पुढच्या डावात तिकीट उचलताना मुलांचे हात क्षणभर थांबतात. ते थांबणे दिसू लागले, म्हणजे खेळ नीट समजला असे जाणावे.