तळ वेगळा, मैदान वेगळे

जुलै जवळ आला की आपल्या मंडळातल्या तरुण जोडप्यांत एक वाद हमखास रंगतो. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनची शर्यत, तीन-चार दिवस तंबूतला मुक्काम आणि घरात सहा-आठ महिन्यांचे बाळ. न्यायचे की नाही? ज्येष्ठांचे उत्तर ठरलेले असते: ‘काहीतरीच खूळ!’ त्यातले जे सातारा-सांगलीकडचे आहेत, त्यांनी तरी हे इतक्या झटक्यात म्हणू नये. रहिमतपूर, कोरेगाव, खटाव या पट्ट्यातली घरेच्या घरे गाड्या जुंपून पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला जात आणि त्यांत तान्ही लेकरेही असत. यात्रा डिसेंबरच्या सुमाराची, म्हणजे थंडी बोचरी. गाडीखाली अंथरूण, तीन दगडांची चूल, बाळाला झोळी. पलीकडे खिलार जनावरांचा बाजार आणि बैलगाड्यांच्या शर्यतीचे मैदान. शर्यत पाहायला मुक्कामाने जाणे आपल्याला नवे नाही. फक्त बैलांच्या जागी इंजिने आली.

पण या उदाहरणावरून ‘मग नेऊ या की’ असे म्हणणेही घाईचे ठरेल. तिथे बाळ निभावत असे ते दोन कारणांनी. तळ आणि मैदान वेगळे होते: झेंडापंचाचा झेंडा पडला की आरडाओरडा, धुरळा आणि उधळणारे बैल यांच्या जवळ हौशी माणसे जात, लेकरू तळावरच राही. आणि तळावर माणसे होती. आजी, मावशी, चुलती, शेजारच्या गाडीतली कुणीही. भार एकट्या आईबापांवर नव्हता. सिल्व्हरस्टोनच्या तंबूत मात्र दोघेच असतात, दोघांनाही शर्यत पाहायची असते, म्हणून बाळ थेट कठड्यापाशी पोचते. चूक तंबूत राहण्यात नाही, बाळाला कठड्यापाशी नेण्यात आहे.

धोका नेमका कशाचा, यातही आपला अंदाज चुकतो. अनेकांना भीती वाटते गाडी प्रेक्षकांत घुसण्याची. १९५५ साली ल मान्सच्या शर्यतीत तसे घडले आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. मात्र त्यानंतर भिंती, जाळ्या आणि प्रेक्षकांचे अंतर यांत आमूलाग्र बदल झाला. आजचा खरा प्रश्न आवाजाचा आहे. २०१४ पासून फॉर्म्युला वनमध्ये १.६ लिटरची टर्बो हायब्रिड इंजिने आली, तेव्हा जुन्या शौकिनांनी ‘आवाजच गेला’ म्हणून गळा काढला. तरीही ट्रॅकजवळ आवाज शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा निकष प्रौढांसाठी असा: ८५ डेसिबल आठ तास चालेल, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. शर्यत दीड-दोन तासांची आणि बाळाच्या कानाची नळी आपल्याहून अरुंद. डोक्यावर पट्टा येणारे, बाळांच्या मापाचे इअरमफ हवेतच; फोमचे बोळे नकोत, ते तोंडात जाऊन घशात अडकतात. बैलांच्या छळावरून २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडच्या बैलगाडा शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यांना परवानगी देणारा कायदा वैध ठरवला. बैलाच्या बाजूने इतका खल झाला; कठड्यापाशी मांडीवर बसलेल्या लेकराच्या कानाची बाजू मांडायला आईबापांवाचून कोण आहे?

यावर ‘आम्ही नाही का यात्रांतच वाढलो?’ हा प्रश्न येतोच. वाढलो ते सांगायला उरलो, इतकेच त्यातून सिद्ध होते. १९७१ च्या सुमारास भारतात हजार जन्मांमागे १२९ बालके पहिल्या वाढदिवसाआधी दगावत. तो काळ काटकपणाचा दाखला म्हणून मिरवू नये. ‘बाळाला काय आठवणार?’ हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. बारशाचेही कुणाला आठवत नाही. आईबापांनी वर्षभर आपली आवड गुंडाळून ठेवावी, ही अपेक्षा कठोर आहे आणि तिचा मोठा वाटा सहसा आईच्याच पदरात पडतो.

तेव्हा जा, पण तळ धरून जा. बऱ्याच तळांवर कुटुंबांसाठी रात्री शांत राखलेला भाग असतो, तो घ्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात आणू नका आणि बाबागाडीवर दुपटे टाकून सावली करू नका, आत भट्टी होते. बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणे झोपवा. पाऊस आला तरी बार्बेक्यू तंबूत घेऊ नका. विझत आलेल्या कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडने इंग्लंडमध्ये तंबूत झोपलेली माणसे दगावली आहेत. याबाबत भिडेखातर गप्प बसू नये.

उरला माणसांचा प्रश्न, तो मंडळाने सोडवावा. चार-पाच कुटुंबांनी तंबू शेजारी-शेजारी लावले आणि पाळी लावून घेतली, तर प्रत्येकाला शर्यत दिसेल आणि एकही बाळ कठड्यापाशी न्यावे लागणार नाही. निवृत्त सभासदांपैकी ज्यांना शर्यतीत रस नाही पण लेकरांत आहे, त्यांनी तळावर बसायची तयारी दाखवावी. तिकिटाचा खर्चही वाचेल. यंदा जाऊ इच्छिणाऱ्या आणि सोबत करू शकणाऱ्या दोघांनीही या महिनाअखेर आपली नावे कार्यकारिणीकडे द्यावीत.