पंचगंगेचा पंखा आणि भरावाचा नफा

कोल्हापूर-सांगलीला पूर आला की आलमट्टीच्या नावाने बोटे मोडण्याची रीत पडली आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत तेच झाले. धरणातील पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास लवादाने २०१० साली अनुमती दिलेली असल्याने ही शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु सारा दोष सीमेपलीकडे ढकलला की खोऱ्याच्या रचनेचा विचार करण्याची गरज उरत नाही, आणि नदीकाठी इमले चढविणाऱ्यांची तर ती मोठीच सोय होते.

पंचगंगेचे खोरे पंख्यासारखे पसरलेले आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या सह्याद्रीच्या अतिपर्जन्याच्या पट्ट्यातून निघतात आणि कोल्हापूरच्या जवळपासच एकमेकींना मिळतात. लांबट खोऱ्यात उपनद्यांचे पाणी एकामागून एक येते. पंख्याच्या आकाराच्या खोऱ्यात ते जवळजवळ एकाच वेळी मुठीशी पोचते. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ साली पाण्याने ५५ फूट ओलांडले. पुढे उतार संपतो, नदी वळणे घेऊ लागते. नृसिंहवाडीला जी कृष्णा भेटते, ती कऱ्हाडला कोयनेचे व हरिपूरला वारणेचे पाणी घेऊन आलेली असते. ती तुडुंब असली म्हणजे पंचगंगेला वाट मिळत नाही व पाणी शिरोळ तालुक्यात पसरते. वाडीला पादुकांवरून गेलेल्या पाण्याचा दक्षिणद्वार सोहळा होतो. नदी पात्र सोडणार हे तेथील भाविकाने गृहीत धरले आहे; नगररचना खात्याने नव्हे!

सखल जमीन ही नदीच्या पसरण्याची जागा होय. तीत भराव टाकला की तिचे मोल वाढते. तो नफा एकाचा, आणि हटलेले पाणी मात्र शेजारच्या वस्तीत शिरते. पिकाच्या नुकसानीची भरपाई सातबारा पाहून मिळते. वाटेकरी आणि शेतमजूर त्या उताऱ्यावर नसतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे बुडाली, ती पुरातून बाहेर पडू पाहणारी गावकरी मंडळी होती.

धरणांतील विसर्गाचा निर्णय राज्याच्या सीमेवर न थांबता संपूर्ण खोऱ्यासाठी एकत्र व्हावा, ही मागणी योग्यच आहे. तिच्या जोडीने पूररेषेची नोंद सातबाऱ्यावर व्हावी, अशीही मागणी हवी. तोवर कार्यकर्त्यांनी आपापल्या नगरपालिकेकडे पूररेषेचा नकाशा मागावा आणि तिच्या आत भरावाच्या परवानग्या कोणाच्या सहीने निघाल्या, ते विचारावे.