‘उडत्या शवपेट्या’ आणि आपला आळशी इतिहास

१/ मिग-२१ला चिकटलेले ‘उडती शवपेटी’ हे विशेषण हल्ली सोव्हिएत प्रवासी विमानांनाही सरसकट लावले जाते. ‘रशियन विमान म्हणजे मरण’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मित्रांसाठी हा थ्रेड.

२/ १९९३ हे एकच वर्ष घ्या. वैमानिकांच्या संपामुळे इंडियन एअरलाइन्सने उझबेकिस्तानकडून तुपोलेव्ह-१५४ भाड्याने घेतले होते. ९ जानेवारीला ते हैदराबादहून दिल्लीस आले. धुक्यात धावपट्टी चुकली, विमान उलटले, पेटले. आतील सर्व १६५ जण वाचले.

३/ २६ एप्रिल, औरंगाबाद. मुंबईकडे झेपावणारे अमेरिकी बनावटीचे बोइंग-७३७ विमानतळाबाहेर कापसाच्या गाठींनी लादलेल्या ट्रकला धडकले. ११८ पैकी ५५ जण दगावले. चौकशीने बोट ठेवले ते उड्डाणतंत्रातील चुकीवर आणि बीड रस्त्यावरील अनियंत्रित वाहतुकीवर. बोइंगला कोणी शवपेटी म्हटले नाही, आणि ते योग्यच. मग हा न्याय तुपोलेव्हला का नाही?

४/ दोन अपघातांवरून सिद्धांत मांडू नये, हे मान्य. पण एरोफ्लोटने १९७६ साली एका वर्षात दहा कोटींहून अधिक प्रवासी वाहून नेले. अपघात मोजायचे आणि उड्डाणे गाळायची, याला हिशेब म्हणत नाहीत.

५/ ओम्स्क, १९८४. नियंत्रकाला डुलकी लागली. धावपट्टी सुकवणारी वाहने तशीच उभी होती आणि त्यांवर तुपोलेव्ह-१५४ उतरले. १७८ मृत्यू. यात विमानाचा दोष कोणता?

६/ सोव्हिएतप्रेमींनी मात्र टाळ्या वाजवू नयेत. १९८२ साली याक-४२च्या शेपटीतील स्क्रूची यंत्रणा निकामी झाली आणि १३२ जण गेले. तो दोष रचनेचाच होता. पण अमेरिकी डीसी-१०च्या मालकक्षाचे दार १९७२ साली हवेत उघडले, इशारा मिळाला, आणि तरीही १९७४ साली पॅरिसजवळ त्याच दोषाने ३४६ बळी घेतले.

७/ सोव्हिएत व्यवस्थेचा खरा गुन्हा होता मौन. देशांतर्गत अपघातांच्या बातम्या दाबल्या जात. ज्या अपघाताची वाच्यता होत नाही, त्यापासून प्रवासी, पत्रकार, संशोधक कोणीच काही शिकत नाही. आपण आज ज्या आकड्यांवर वाद घालतो, तेही याच मौनातून उशिरा बाहेर आले आहेत.

८/ मी महाडचा. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. तोवर आमच्याकडे म्हणत, ‘इंग्रजांचे बांधकाम, हलायचे नाही.’ दुसऱ्या दिवसापासून म्हणू लागले, ‘इंग्रजांच्या काळचे, पडणारच.’ पूल शेवटचा कोणी तपासला आणि काय पाहिले, हा प्रश्न दोन्ही वाक्यांत नाही.

९/ बांधणाऱ्याचा देश विचारणे सोपे असते. देखभाल करणाऱ्याला जाब विचारणे कठीण. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कठीण प्रश्न विचारावा.